गोठलेल्या सरोवरावरची आठचाकी : सोलापूरच्या एका बचाव पथकाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूर शहरातील एका स्वयंसेवी बचाव पथकाकडे आठ चाकांचे उभयचर वाहन आहे. भीमा आणि सीना पात्र सोडून वाहू लागल्या की माढा, मोहोळ, पंढरपूर भागांतील वस्त्यांभोवती असा पट्टा तयार होतो, जिथे होडीला पाणी पुरत नाही आणि ट्रॅक्टरला जमीन लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने ज्या गावांना वेढा घातला, तिथल्या लोकांना तो चांगलाच ठाऊक आहे. अशा ठिकाणी हे वाहन कामाला येते. त्याची बॉडी जाड प्लास्टिकची आणि एकसंध असल्यामुळे ते तरंगते. चाके डावी-उजवीकडे वळत नाहीत. एका बाजूच्या चाकांना ब्रेक लावून दुसऱ्या बाजूची फिरवली की वाहन वळते. टायर रुंद असतात आणि त्यांत हवा अगदी कमी, तीन पौंडांच्या आसपास, भरतात, त्यामुळे वजन मोठ्या जागेवर पसरते. पाण्यात शिरल्यावर तीच चाके पाणी मागे लोटतात आणि वाहन माणसाच्या चालीने पुढे सरकते.

ते चालवणारे गृहस्थ एमआयडीसीतील जुने मेकॅनिक आहेत. पथकातील सगळे त्यांना अण्णा म्हणतात. या लेखातही तसेच म्हटले आहे. हिप्परग्याचा तलाव आणि उजनीचे पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ, या दोन ठिकाणी त्यांचा हात बसला. गाळात रुतलेले वाहन मागेपुढे झुलवत, चाके फिरती ठेवत बाहेर काढण्यात त्यांच्याइतका तरबेज माणूस पथकात दुसरा नाही. पुढच्या घटनेत या कौशल्याने साथही दिली आणि घातही केला, म्हणून त्याची नोंद आधीच करून ठेवतो.

पुरानंतरच्या हिवाळ्यासाठी पथकाकडे एक विनंती आली. लडाखमध्ये ४,००० मीटरहून अधिक उंचीवरील गोड्या पाण्याच्या एका सरोवरात, परवानगी घेऊन, खोली मोजण्याचे आणि तळाच्या गाळाचे नमुने काढण्याचे काम व्हायचे होते. हे काम बर्फावरून करणे होडीवरून करण्यापेक्षा सोपे असते, कारण बर्फ हलत नाही. मात्र यंत्रे आणि नमुन्यांच्या पेट्या किनाऱ्यापासून मध्यापर्यंत नेण्याची सोय हवी होती. सरोवराचे, काम करणाऱ्या संस्थेचे आणि पथकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. जोजिला खिंड बंद होण्याआधी, नोव्हेंबरमध्येच, वाहन ट्रकवर चढवून पाठवावे लागले. माणसे जानेवारीतील सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर विमानाने लेहला पोहोचली आणि विरळ हवेची सवय होईपर्यंत तिथेच थांबली.

अडचण

विनंती करणाऱ्यांचा आणि सुरुवातीला पथकाचाही युक्तिवाद एका वाक्यात मावणारा होता : बर्फ फुटला तरी ही गाडी बुडत नाही. हे खरे आहे, पण त्यातून एवढेच कळते की फुटल्यावर माणसांना थोडा वेळ मिळेल. बाहेर कसे यायचे, हे त्यातून कळत नाही.

तुटलेल्या बर्फाची कड उभी असते. पाण्यातले वाहन त्या कडेवर नाक टेकवते, तेव्हा त्याच्या वजनाचा मोठा भाग कडेच्या अरुंद पट्टीवर येतो आणि ती पट्टी पुन्हा तुटते. वाहन हातभर पुढे जाते, पुन्हा नाक टेकवते, पुन्हा कड तुटते, आणि मागे पाण्याचा एक लांब चर उघडा पडत जातो. शेवटी जाड बर्फ लागला तर कड तुटत नाही, पण ओल्या बर्फावर चाके नुसती घसरतात आणि नाक पुरेसे वर येत नाही. उजनीचा गाळ धरून ठेवतो, पण हळूहळू चढूही देतो; बर्फाची कड तसे करत नाही. पथकाचा सगळा अनुभव गाळाचा होता.

दुसरा प्रश्न बर्फाच्या ताकदीचा होता. वजन आले की बर्फाचा थर वाकतो आणि खालचे पाणी त्याला उचलून धरते. बाजेवर बसल्यावर सुंभ खाली जावा, तसा तो वाहनाखाली किंचित खचतो. त्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जाडी निम्मी झाली की ताकद चौथाईवर येते. कॅनडातील संशोधक लॉर्न गोल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात सेंटीमीटरमधील जाडीचा वर्ग एका गुणकाने गुणतात. सावध हिशेबासाठी तो गुणक ३.५ धरतात आणि उत्तर किलोत येते. वाहन, चाकांवर चढवायचे पट्टे म्हणजे ट्रॅक, दोन माणसे, इंधन आणि सामान मिळून वजन १,००० किलोच्या घरात जात होते, म्हणजे किमान १७ सेंटीमीटर स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा होता. हिम भिजून पुन्हा गोठल्यावर जो पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ होतो, त्याची जाडी निम्मीच धरायची. शिवाय हे सूत्र चालत्या वजनासाठी आहे. तेच वाहन एका जागी तासन्‌तास उभे राहिले तर बर्फ सावकाश खचत राहतो, म्हणून तिथे जास्त जाडी लागते.

कोणते पर्याय होते

पथकातील ज्येष्ठ सदस्य, निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांचे मत सरळ नकार देण्याचे होते. पूरकाळात लागणारे वाहन चार-पाच महिने बाहेर ठेवायचे आणि ज्याचा कोणालाच अनुभव नाही असे काम अंगावर घ्यायचे, हे त्यांना पटत नव्हते. दुसरा पर्याय सगळे सामान घसरगाड्यांवर ठेवून माणसांनी ओढण्याचा होता. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो. रिकाम्या हाताने चालतानाही धाप लागते, त्यामुळे हे काम चौपट वेळ खाईल असा अंदाज निघाला. तिसरा पर्याय वाहन फक्त किनाऱ्याच्या जमिनीवरून फिरवण्याचा होता : प्रत्येक मोजणीच्या जागेसमोर किनाऱ्यावर सामान उतरवायचे आणि तिथून घसरगाडी आत न्यायची. चौथा, अटी घालून बर्फावर वाहन नेण्याचा.

तिसऱ्या पर्यायावर सर्वांत कमी चर्चा झाली. किनारा दगडगोट्यांचा असला तरी आठचाकीला तो सहज पार करता आला असता आणि बर्फावर फक्त शंभर-सव्वाशे किलोंची घसरगाडी गेली असती. माझ्या मते हाच पर्याय निवडायला हवा होता. तो मागे पडला, कारण वाहनाची खरी किमया पाण्यावर आणि बर्फावरच दिसते, जमिनीवर नाही, ही भावना बोलण्यात न येताही बैठकीत होती.

चौथा पर्याय ठरला. अटी चांगल्या होत्या. पांढऱ्या बर्फाचा हिशेब करून किमान २५ सेंटीमीटर जाडी. आखलेल्या वाटेवर दर ३० मीटरला गिरमिटाने भोक पाडून मोजणी. वाहनाच्या पुढे दोरी बांधलेला एक माणूस पहार आपटत चालणार. वेग ताशी १० किलोमीटरच्या आत. वाहनात दोघांहून जास्त माणसे नाहीत. आणि ओढे जिथे सरोवराला मिळतात त्या भागांकडे जायचेच नाही. या यादीत एक मोठी उणीव राहिली. अट मोडली जात असेल तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरले नाही. चालक अण्णा आणि बर्फावरच्या तुकडीचे प्रमुखही अण्णाच होते.

तयारी

सोलापुरात योग्य भरलेले टायर ४,००० मीटरवर टणक होतात, कारण बाहेरचा दाब उतरतो आणि आतली हवा तेवढीच राहते. थंडीने थोडा दाब कमी होतो, पण फरक भरून निघत नाही. अण्णांनी पोहोचल्यावर प्रत्येक टायर हलक्या दाबाच्या गेजने तपासून हवा सोडली. चाकांवर पोलादी दात्यांचे रबरी ट्रॅक चढवले. इंजिनाची ताकदही तिथे बरीच उतरते, याची त्यांना कल्पना होती. वाहनाचे सीटबेल्ट काढून टाकले, कारण पाण्यावर ते माणसाला अडकवतात. प्रत्येकाला तरंगता, पाणी आत न घेणारा पोशाख मिळाला. बर्फात पडलेल्या माणसाला कडेवर पकड मिळावी म्हणून गळ्यात अडकवायचे टोचे सोलापुरातच एका सुताराकडून करून घेतले होते : लाकडी मुठीत बसवलेला जाड खिळा, दोन मुठींना जोडणारी नाडी आणि टोकांवर बुचाचे टोपण. रात्री बॅटरीवर सोलापुरी चादरी गुंडाळून ठेवत. सुटे पेट्रोल किनाऱ्यापासून दूर ठेवले, म्हणजे सांडले तरी सरोवरात जाऊ नये.

एक चाचणी मात्र अंगाशी आली. वाहनाच्या तळात साठलेले पाणी उपसणारा पंप चालतो का, हे पाहण्यासाठी पहिल्या दिवशी तळात बादलीभर पाणी ओतून पंप चालवला. तो चालला. नंतर तळाची बुचे उघडून पाणी सोडले, पण पंपाच्या पोटात राहिलेले घोटभर पाणी रात्री गोठले. दुसऱ्यांदा कोणी पंप तपासला नाही.

प्रत्यक्ष घटना

पहिले दोन दिवस काम बिनबोभाट झाले. आखलेल्या वाटेवर ३८ ते ४६ सेंटीमीटर बर्फ मिळाला, त्यातला बहुतेक काळा, पारदर्शक. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला आणि आभाळ भरून आले. मोजलेली वाट एका लहान आखाताला वळसा घालून मुक्कामाच्या तळाकडे येत होती. आखात सरळ ओलांडले तर अंतर निम्म्याहून कमी होत होते. त्या आखातात एक ओढा उतरतो. हिवाळ्यात वरून तो पूर्ण गोठलेला दिसतो, पण खालून थोडे पाणी वाहतच राहते आणि वाहते पाणी बर्फाला खालून खात असते. वाऱ्याने तिथे वीतभर हिमही साचले होते. हिम थंडीला अडवते, त्यामुळे त्याखालचा बर्फ उघड्या बर्फाइतका वाढत नाही.

पुढे चालणारा तरुण स्वयंसेवक समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे हैराण झाला होता. तो वाहनाच्या मागे, घसरगाडीच्या आडोशाला आला आणि पहार घसरगाडीवर ठेवली गेली. निर्णयाचा पहिला क्षण हा होता. त्या वेळी तो निर्णय आहे असे कोणालाच वाटले नाही.

दुसरा क्षण आखाताच्या तोंडाशी आला. तरुणाने हाक दिली, “अण्णा, इथं गिरमिट मारलेलं नाही.” अण्णांनी वाहन थांबवले, खाली उतरून पाहिले आणि सांगितले, “शेजारीच चाळीस सेंटीमीटर होता. दोनशे मीटरचा तर प्रश्न आहे.” एका जागची मोजणी शेजारच्या जागेला लागू होते, हे गाळातही पूर्ण खरे नसते, ओढ्याच्या मुखाशी तर मुळीच नसते.

आत सुमारे १०० मीटर गेल्यावर ट्रॅकच्या ठशांत करडे पाणी उमटू लागले. हिमाखाली पाणी आहे, म्हणजे थर खचतो आहे किंवा चिरांतून पाणी वर येते आहे, हा त्याचा अर्थ. अण्णांनी हे पाहिले आणि वेग वाढवला. पातळ जागेवरून झपाट्याने निघून जावे हा समज सर्वत्र आहे. बर्फावर तो उलटा पडतो. चालत्या वाहनाखालचा खचलेला भाग पाण्यात लाट उठवत पुढे जातो आणि वाहनाचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की बर्फावरचा ताण फार वाढतो. दोन मीटर खोल पाण्यात हा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि आखातात खोली तेवढीच होती. वाहनात बसलेल्या सहकाऱ्याला आवाज बदललेला कळला. आधी ट्रॅकचा खणखणीत आवाज येत होता, तो बोदा झाला. त्याने अण्णांच्या दंडाला हात लावला आणि त्याच वेळी नाक खाली गेले.

वाहन तरंगले. बॉडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत पाणी आले आणि तळात झिरपू लागले. पंपाचे बटण दाबले, तर फक्त गुरगुर ऐकू आली. अण्णांनी सवयीने जे केले ते असे : ॲक्सिलरेटर देऊन पुढची कड चढण्याचा प्रयत्न, मग मागेपुढे झुलवणे, मग पुन्हा पुढे. कड दोनदा तुटली आणि चर सहा-सात मीटर लांब झाला. किनारा समोर साठ मीटरवर दिसत होता.

तळावरून दुर्बिणीने पाहणाऱ्या सरांचा आवाज वॉकीटॉकीवर आला : “अण्णा, पुढं नका जाऊ. आलात तसं मागं या. मागचा बर्फ तुम्हाला घेऊन आलाय.” या वाक्याने दिशा बदलली. वाहन रिव्हर्समध्ये चराच्या मागच्या टोकाशी आले. मागे असलेल्या तरुणाने तोवर घसरगाडीचा दोर कापून ती मागे ओढली होती आणि पोटावर पडून लांब फळी कडेवर सरकवली. दोघेही एकामागोमाग मागच्या बाजूने, फळीवर आडवे होऊन बाहेर आले. कोणीही पाण्यात पडले नाही. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंड पाण्याबद्दल जो हिशेब रूढ केला, त्यानुसार पाण्यात पडलेल्या माणसाला श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय उपयोगाचे असेपर्यंत दहा मिनिटे आणि गारठून शुद्ध हरपेपर्यंत सुमारे एक तास मिळतो. यातली मधली दहा मिनिटे महत्त्वाची, कारण कडेवर चढायचे ते त्यांतच.

वाहन बाहेर काढणे आणि परिणाम

माणसे सुरक्षित झाल्यावर वाहन तसेच ठेवून जावे का, याचा विचार झाला. रात्रीत ते चरात गोठून बसले असते आणि इंजिनातील तेल-इंधन पाण्यात उतरण्याची भीती होती. म्हणून ४० मीटर मागे, मोजून ३५ सेंटीमीटरहून जाड निघालेल्या जागी, बर्फाला आरपार भोक पाडले, मध्यावर दोर बांधलेला लाकडी दांडका उभा करून खाली सोडला आणि आडवा ओढून घेतला. त्या आधारावर हाताने चालवायचे विंच, म्हणजे दोर गुंडाळून वजन ओढणारे यंत्र, अडकवले. कडेपासून बर्फावर दोन फळ्या उताराने ठेवल्या, वाहनाच्या मागच्या हुकाला दोर बांधला, आणि तिन्ही माणसांनी पालटून पालटून विंच चालवत सुमारे तीन तासांत ते वर घेतले. मधल्या वेळेत अण्णांनी फळीवरून हात पोहोचवून थर्मासमधले गरम पाणी पंपावर ओतले, तेव्हा तो सुटला. त्यासाठी त्यांनी हातमोजा काढला होता; दोन बोटांची टोके पांढरी पडली आणि पुढे काही आठवडे बधिर राहिली. या प्रकरणात शरीराला झालेली इजा एवढीच.

वर आलेले वाहन लगेच चालवता आले नाही. ब्रेक पाण्याने भिजून गोठले होते, आणि या वाहनात ब्रेक गोठले म्हणजे वळणे बंद. रात्री ते फळ्यांवर उभे करून, बुचे उघडी ठेवून, सकाळी उन्हात मोकळे केले आणि मोजलेल्या वाटेने किनाऱ्यावर आणले. नंतर आखातात गिरमिट मारले, तर फुटलेल्या जागेच्या बाजूला ११ सेंटीमीटर बर्फ निघाला, त्यातील वरचे ६ पांढरे. हिशेबाची जाडी ८ सेंटीमीटर, म्हणजे भार सुमारे २२५ किलो. त्यावर १,००० किलो चालले होते. उरलेले काम घसरगाड्या ओढून, अंदाजाहून कमी वेळात, पूर्ण झाले.

काय वेगळे करता आले असते

सोलापुरात परतल्यावर झालेल्या आढाव्यात सर्वांत जास्त वेळ वेगावर आणि पंपावर गेला. ते स्वाभाविक आहे, कारण त्या दोन गोष्टी बोट ठेवून दाखवता येतात. मला मात्र पहार घसरगाडीवर ठेवली गेली तो क्षण अधिक महत्त्वाचा वाटतो. पुढे चालणाऱ्याचे काम थकवणारे आहे, वारा त्याच्याच तोंडावर येतो, आणि ते काम दर वीस-पंचवीस मिनिटांनी बदलून द्यायला हवे होते. तो मागे गेला तर वाहनाने थांबायचे, एवढा नियम असता तर बाकीच्या अटी आपोआप पाळल्या गेल्या असत्या.

थांबवण्याचा अधिकार चालकाकडे असू नये, हे आता पथकाने लेखी केले आहे. गाडी चालवणाऱ्याचे लक्ष गाडीत असते आणि आपण ती काढू शकतो हा विश्वास त्याच्या हातात असतो. अण्णांसारख्या कसलेल्या माणसात तो अधिकच. तरुणाने हाक दिली होती, पण वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला “नाही” म्हणायची मुभा त्याला कोणी दिली नव्हती. यापुढे जाडीची वही ज्याच्याकडे असेल त्याचा शब्द अखेरचा, मग तो पथकात सर्वांत लहान का असेना.

परतीच्या प्रवासाचा विचार जाण्याच्या प्रवासाइतका झाला नव्हता. हवा बिघडली तर नमुन्यांच्या पेट्या बर्फावरच, खुणेची काठी रोवून, ठेवून यायच्या असे आधी ठरले असते, तर घाईचे कारणच उरले नसते.

पुढे जायचा प्रयत्न चुकीचा होता की नाही यावर मतभेद राहिले. अण्णांचे म्हणणे असे की किनारा समोर दिसत असताना आणि पाणी आत येत असताना कोणीही आधी पुढेच पाहील. ते बरोबर आहे, आणि म्हणूनच हा निर्णय त्या क्षणावर सोडता येत नाही. तो आधीच अंगवळणी पाडावा लागतो. हिप्परग्याच्या तलावावर बर्फ नाही, पण वाहन तरंगत असताना ॲक्सिलरेटरवरून हात काढणे, माणसांनी मागे सरकणे, रिव्हर्समध्ये सरळ येणे, हातमोजे न काढता पंप आणि दोर हाताळणे, आणि आडवे होऊन फळीवरून बाहेर येणे, हे सगळे तिथे करता येते. पथकाने हा सराव सुरू केला आहे. पुरात उलटणाऱ्या वाहनातून बाहेर पडतानाही यातील बराच भाग लागतो. पंप वापरल्यावर त्यातून हवा फुंकून तो कोरडा करणे आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी बटण दाबून पाहणे, हे तपासणीच्या यादीत आले आहे.

वाहन पुन्हा बर्फावर न्यायचे का, हा प्रश्न पथकाने मोकळा ठेवला आहे. सरांचा विरोध कायम आहे. अण्णा म्हणतात की न्यावे, पण वजनाचा हिशेब करताना हे वाहन तरंगत नाही असेच धरून करावा. माझे मत तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे : वाहन किनाऱ्यावर, बर्फावर घसरगाडी, आणि तिच्याही पुढे पहार घेतलेला माणूस.